देवघराची महिरप: सागापासून शिवणीपर्यंत

महिरपीचं काम अखेर सुरू झालं. नक्षी डिसेंबरातच काढून ठेवली होती: मधोमध कमळ, दोन्ही बाजूंनी वेल, टोकांना एकेक पोपट. रुंदी 22 इंच, उंची 9. अडलं होतं ते लाकडावर.

सांगलीत देवघर म्हटलं की वखारवाला न विचारताच साग काढतो. मीही जुन्या वाड्याच्या तुळईचा तुकडा आणला होता. इतकी वर्षं वाळलेला माल, वाकण्याची भीती नाही. पण सागाच्या प्रत्येक वलयात एक थर मऊ आणि पुढचा कडक. पाव इंची गोल पटाशी मऊ थरात सरकन घुसते आणि कडक थराला अडून उडते. पोपटाच्या डोळ्याची कड अशीच दोनदा फुटली. सागात सिलिका असते, त्यामुळे धारही लवकर जाते. त्यात आत मोडून राहिलेला खिळा लागला आणि पटाशीला दात पडला. मोठ्या पानांची, ठसठशीत नक्षी असती तर मी सागच ठेवला असता.

मग चार लाकडांचे तुकडे जमवले आणि प्रत्येकावर तोच पोपट कोरून बघितला. आंबा स्वस्त, पण लाकडातल्या तंतूंच्या रेषा उलटसुलट. एका दिशेने गुळगुळीत कापतो, परत येताना उचकटतो. तीन आठवड्यांत तुकड्याखाली पिठासारखा भुसा दिसला, म्हणजे कीड लागलेली. शिसवात डोळा, चोच, पिसं सगळं अप्रतिम उठतं, पण 22 इंचांची फळी परवडत नाही आणि मनगट तासाभरात भरून येतं. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांना तून वापरतात, म्हणून तिथल्या एका कारागिराकडून तुकडा मागून आणला. तांबूस रंग, सुरेख वास. ते म्हणाले, "दादा, ह्याला वस्तऱ्यासारखी धार पाहिजे, नाहीतर कापत नाही, चेंबतंय." तसंच झालं. पिसांच्या बारीक रेघांत तंतू उभे राहिले.

चौथं लाकूड शिवणीचं. शिवण पिवळसर, हलकी, एकसारखी. रेषेला आडवी पटाशी चालवली तरी साबणाची वडी कापल्यासारखं वाटतं, आणि कापलेल्या जागेला मंद चकाकी येते. वाळल्यावर फारशी फिरत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

फळी ओली होती. टोकांना मेण लावून सावलीत उभी केली आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. फेब्रुवारीत 2 किलो 310 ग्रॅम, एप्रिलच्या मध्याला 2 किलो 40. सलग तीन रविवार आकडा हलला नाही, तेव्हाच नक्षी उतरवली.

एक बदल करावा लागला. फळीच्या रेषा आडव्या आहेत आणि पोपटाची चोच खाली वळलेली होती, म्हणजे टोकाशी रेषा आखूड तुटून ते कच्चं राहत होतं. सागावर ते टोक बोटानेच मोडलं होतं. लाकूड कुठलंही असो, तिथं ते मोडणारच. म्हणून मान वळवून चोच आडवी घेतली, आता ती वेलीच्या पानाला टेकते. खरं तर आधीपेक्षा देखणी दिसते.

डावा पोपट पंखापर्यंत झालाय. पंखाखाली हरभऱ्याएवढी गाठ निघाली, तिच्यावर पान येईल असा वेल अर्धा इंच खाली ओढतोय. जवसाच्या तेलाने शिवणीचा पिवळेपणा वाढतो, त्यामुळे चाचणीच्या तुकड्याच्या अर्ध्या भागाला तेल आणि अर्ध्याला नुसतं मेण लावून खिडकीत ठेवलंय. महिनाभराने दोन्हींचे फोटो टाकतो.