विहिरीत टीसीएल किती टाकायचं, हे आता पाऊस ठरवतो

पावसाळ्यातली हगवण-कावीळ जुनीच, पावसाची तऱ्हा मात्र बदलली आहे. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. लांबलेल्या उघडिपीत नाल्याकाठी साचलेली विष्ठा, उकिरड्यावरचं शेण, सगळं एकाच लोंढ्यात विहिरीकडे येतं. पण बऱ्याच गावांत टीसीएलचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीचं, माप वर्षभर एकच असतं, आणि साथीला वाट तिथेच मिळते.

चार मीटर व्यासाची विहीर घ्या. पाणी तीन मीटर असेल तर ते सुमारे ३७,७०० लिटर भरतं (व्यास × व्यास × ०.७८५ × पाण्याची खोली × १०००). हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे साधारण ९५ ग्रॅम. दोन दिवस धो धो पाऊस झाला, पाणी आठ मीटरवर आलं, की तिथे २५० ग्रॅम लागते. शिवाय गाळ आणि सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकतात, त्यामुळे गढूळ पाण्याला तेवढ्यानेही भागत नाही. मात्रा वाढवत न्यायची आणि दर वेळी ओटी चाचणीने (ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकल्यावर येणाऱ्या पिवळ्या रंगावरून पाण्यात उरलेला क्लोरीन ओळखायची) तपासायची.

पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत आधी लगदा करा, मग पाणी घालून ढवळा, पाच-दहा मिनिटं पावडरीतला चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच विहिरीत मिसळा. पोहऱ्याने पाणी वरखाली करा. हे काम रात्री, शेवटचा उपसा झाल्यावर केलेलं बरं. निदान अर्धा तास तरी कोणी पाणी भरू नये.

वाढत्या उष्म्याचा फटका पावडरीलाही बसतो. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो; पत्र्याच्या खोलीत, उघड्या पोत्यात तो झपाट्याने उडून जातो. निम्मा उरला तर माप दुप्पट करावं लागतं. म्हणून घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, थंड-कोरडी जागा आणि पावडरीची प्रयोगशाळेत तपासणी, यांत कसूर नको. पाण्यातला क्लोरीनही उन्हाळ्यात लवकर संपतो.

घरात गढूळ पाणी आलं तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, चौपदरी कापडाने गाळा आणि खळखळून उकळा. गाळ तसाच ठेवून क्लोरीनचे थेंब टाकले तर गाळाच्या कणांआड जंतू जिवंत राहतात.

ओटी चाचणी विहिरीवर करून थांबू नये, नळाच्या शेवटच्या घरी करावी. पिवळा रंग लगेच, दहाएक सेकंदांत वाचायचा. उशिरा गडद होणारा रंग मुक्त क्लोरीनचा, म्हणजे जंतू मारायला मोकळा उरलेल्या क्लोरीनचा, नसतो. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन तरी तिथे हवाच. विहिरीवर रंग येतो आणि शेवटच्या नळाला येत नाही, तर गटारातून गेलेली पाइप आणि पाण्याने भरलेले व्हॉल्व्हचे खड्डे आधी बघा. पाणी सोडणं बंद झालं की रिकामी होणारी पाइप फटीतून तेच घाण पाणी आत ओढते.