दुर्बिणीच्या आरशामागचे स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून

न्यूटन पद्धतीची, म्हणजे आरशांनी प्रकाश गोळा करणारी दुर्बीण गाडीत घालून गावाबाहेर नेणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. घरी नीट जुळवलेले आरसे निरीक्षणाच्या जागी पोहोचेपर्यंत पुन्हा बिघडलेले असतात, आणि त्याचा दोष मुख्य आरसा कलता करून जुळवणाऱ्या, त्याच्या मागच्या तीन स्क्रूंवर येतो. स्क्रू फिरतात, तेव्हा ते करकचून आवळावेत, हा उपाय मग ओघानेच सुचतो. मला मात्र तो चुकीच्या टोकापासून सुरू होणारा वाटतो. स्क्रूला जागेवर धरून ठेवण्याचे मूळ काम त्यांच्यावरच्या स्प्रिंगच्या दाबाचे आहे, आणि तो दाबच अपुरा असेल तर लॉक स्क्रू, म्हणजे जुळणी पक्की करणारे वेगळे स्क्रू, कितीही आवळले तरी फारसे काही साधत नाही.

प्रश्न किती नाजूक आहे हे आकड्यांतून लवकर कळते. माझी दुर्बीण ८ इंची, एफ/६ (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या सुमारे सहापट) आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची, म्हणजे आरशापासून तितक्या अंतरावर प्रतिमा देणारी आहे. मागचे तीन स्क्रू ६ मिलिमीटर जाडीचे असून मध्यापासून सुमारे ९ सेंटिमीटरवर आहेत. त्यांचे आटे १ मिलिमीटर अंतराचे असल्यामुळे एखादा स्क्रू पाव फेरा फिरला, तर आरसा तिथे पाव मिलिमीटर सरकतो आणि उरलेल्या दोन स्क्रूंना जोडणाऱ्या रेषेभोवती कलतो. ही रेषा तिथून साडेतेरा सेंटिमीटर दूर आहे, म्हणजे नाभीपाशी प्रकाशीय अक्ष सुमारे २.२ मिलिमीटर ढळतो. अन्वस्ताकार (पॅराबोलिक) आरशाच्या ज्या वर्तुळात तारा शेपटीविना, टोकदार दिसतो, त्याचा व्यास स्थूलमानाने एफ-अंकाच्या घनाला ०.०२२ ने गुणले की मिलिमीटरमध्ये मिळतो. एफ/६ साठी तो पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास येतो. थोडक्यात, एका स्क्रूच्या पाव फेऱ्यात जवळजवळ सगळी सवलत संपते. एफ/४ च्या आरशाला तर मुळात दीड मिलिमीटरसुद्धा मिळत नाही.

आता स्क्रू फिरतो का, ते पाहू. ६ मिलिमीटरच्या स्क्रूवर आट्यांचा चढ साडेतीन अंशांहून कमी असतो, तर पोलादावर पोलाद घसरू लागण्यासाठी साधारण आठ-नऊ अंशांचा उतार लागतो. त्यामुळे नुसत्या स्थिर ओझ्याखाली तो आपोआप उलटा फिरू शकत नाही. जर्मन अभियंते गेऱ्हार्ड युंकर यांनी १९६९ साली दाखवून दिले, की खरा शत्रू आडवा हादरा हा आहे. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे घसरू लागले, की आट्यांमधले घर्षण त्या घसरण्यातच खर्ची पडते आणि स्क्रूला फिरण्यापासून अडवायला काही उरत नाही. हे घसरणे थांबवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे भाग एकमेकांवर पुरेशा जोराने दाबून ठेवणे.

तो जोर किती असावा याचा अंदाज घरी बांधता येतो. आरसा आणि त्याची बैठक मिळून ३ किलो धरले, तर प्रत्येक स्प्रिंगच्या वाट्याला १ किलो येतो, आणि खड्ड्यातल्या दणक्यात तो तिप्पट होईल असे मानले, तर थोडा जास्तीचा धरून प्रत्येक स्प्रिंगने निदान ४ किलोचा दाब द्यायला हवा. स्प्रिंग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून, ती बैठकीत जितकी दबते तितकी दाबली, की हा आकडा सरळ वाचता येतो. सोबत आलेल्या स्प्रिंग पुष्कळदा यात नापास होतात. त्याच व्यासाच्या, पण जाड तारेच्या स्प्रिंग पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवीला शोधाव्यात. शक्यतो स्टेनलेस घ्याव्यात, कारण आपल्याकडे दुर्बीण पावसाळाभर गुंडाळून पडलेली असते. त्यांनी स्क्रू थोडे जड फिरतात, पण मोठी मूठ बसवली की ती अडचण राहत नाही. स्प्रिंगऐवजी रबराच्या कड्या घालणारेही आहेत, मात्र रबर दाबाखाली हळूहळू बसत जाते, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

लॉक स्क्रूंचा दोष असा, की ते आवळताना बैठकीला ढकलतात आणि नुकतीच साधलेली जुळणी हलवतात. वापरायचेच असतील, तर तिन्ही आळीपाळीने, नुसते टेकेपर्यंत फिरवावेत आणि प्रत्येक वेळी कॉलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, पाहावे. जुळवणीच्या स्क्रूची शेवटची हालचालही नेहमी आवळण्याच्या दिशेने, स्प्रिंगच्या विरुद्ध असावी. सैल करत थांबल्यास आट्यांमधल्या घर्षणामुळे बैठक जिथल्या तिथे अडकून राहते आणि पहिल्याच धक्क्याला सुटते.

दुय्यम आरशाची, म्हणजे नळीच्या तोंडाशी तिरक्या बसवलेल्या छोट्या आरशाची गोष्ट वेगळी आहे. तिथे बहुधा स्प्रिंग नसते. मधला बोल्ट ओढतो आणि भोवतालचे तीन बारीक स्क्रू ढकलतात. त्यांची टोके मऊ ॲल्युमिनियममध्ये खळगे पाडतात, आणि एकदा खळगा पडला, की स्क्रू कितीही बारकाईने फिरवला तरी टोक पुन्हा त्यातच घसरते. मध्ये स्टेनलेसचा पातळ, रुंद वॉशर घातला की हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो. एक स्क्रू आवळण्यापूर्वी समोरचा किंचित सैल करावा, नाहीतर तिघांची झुंज लागते आणि दाब असमान राहतो.

आटे चिकटवणारे द्रव मी फक्त पुन्हा कधी हात लावायचा नाही अशा ठिकाणी वापरतो, म्हणजे दुय्यम आरसा धरणाऱ्या स्पायडरच्या पात्यांचे बोल्ट किंवा आयपीस (डोळ्याशी येणारे भिंग) पुढेमागे करणाऱ्या फोकसरच्या तळाचे स्क्रू. तिथेही बारीक स्क्रूंसाठीचे कमी ताकदीचे, जांभळे लॉकटाइट २२२ पुरते. ते हवाबंद जागेत, धातूच्या सान्निध्यात घट्ट होते. काही प्लॅस्टिकना मात्र त्याने तडे जातात. सुपरग्लू आरशाजवळ आणूच नये, कारण त्याच्या वाफेचा पांढरा थर आसपासच्या पृष्ठभागावर बसतो.

हे सगळे करण्याआधी प्रत्येक मुठीपासून बैठकीपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. प्रवासानंतर रेघ तुटलेली दिसली, तर स्क्रू फिरला आहे आणि स्प्रिंग बदलायला हवी. रेघ सरळ असूनही जुळणी बिघडली असेल, तर स्क्रू निर्दोष आहेत. मग आरसा बैठकीत बाजूला सरकतो आहे का, त्याच्या कडेच्या क्लिपा सैल आहेत का आणि आयपीसच्या वजनाने फोकसर वाकतो आहे का, हे याच क्रमाने तपासावे. थंडीने धातू आकसण्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही, कारण तो परिणाम तिन्ही स्क्रूंवर सारखाच होतो आणि आरसा कलत नाही.