चौथा खांदा

आज दूध आणायला गेलो तर दुकानात तीच चर्चा चालू होती, नानांना पोलिसांनी पकडल्याची, मी दिसल्यावर जरा थांबली. मग एकजण सहज म्हणाला, "तुमच्या बाबांना खांदा दिलेला ना रे त्याने?" त्यात टोमणा वगैरे काही नव्हता, त्याला खरंच आठवलं म्हणून विचारलं. मी हो म्हटलं आणि निघालो. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाहीच.

नाना म्हणजे वादळानंतर बाहेरून येऊन आमच्या वाडीतच राहिलेला माणूस. त्यांना धरून नेलं तेव्हा मला एवढं काही झालं नव्हतं. साध्या कपड्यातले पोलीस आले, पाखाडीवरून खाली उतरवलं, गाडीत बसवलं, संपलं. दुसऱ्या दिवशी पेपरात, 'पॅरोलवरून फरार कैदी जेरबंद'. सख्ख्या भावाचा खून, शेताच्या बांधावरून, कोयत्याने. जन्मठेप. हातपाय गार पडले वाचून, पण नाव वेगळं, गाव घाटावरचं, त्यामुळे दुसऱ्याच कोणाबद्दल वाचतोय असं वाटत होतं. आज त्या प्रश्नाने ते सगळं आमच्या पडवीत आलं.

बाबा गेले ते 2021 च्या जुलैत. चिपळूण बुडालं तेव्हाच. महाडला पाणी, हायवे बंद, मुंबईहून काका निघाले आणि अर्ध्यातून परत फिरले. अटॅकने गेले होते बाबा, कोरोना नव्हता, पण तेव्हा कोण कोणाच्या मयताला येत होतं. वाडीत अर्ध्या घरांना कुलपं, उरलेल्यात म्हातारी माणसं. मी पुढे मडकं घेऊन, मागे तीन जण कसेबसे जमले, चौथा नाना. ते न बोलावता आले होते. साकवावर पाणी चढलेलं, घोटे बुडत होते, मला मागे वळून बघता येत नव्हतं पण नानांचा आवाज येत होता, हळू, हळू, डावीकडे दगड आहे. लाकडं ओली. नानांनीच कुठून तरी सुकी फळकुटं आणली, डिझेल आणलं, आणि आम्ही सगळे परतल्यावर ते एकटे थांबले सरण नीट जळेपर्यंत. रात्री उशिरा आले, आईला बाहेरूनच सांगितलं, "वहिनी, सगळं झालं नीट."

तेच हात. दिवसभर मी इथेच येऊन अडकतोय. इतक्या लोकांचे वडील जातात, सगळ्यांना आपली माणसं नेतात, माझ्याच बाबांच्या वाट्याला हे का यावं? मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारा माणूस होता तो. चुलतभावाला फोन केला तर तो म्हणे, शांत करून घे काहीतरी, भटजींना विचार. आईला सांगितलं. ती सुपारी सोलत होती, म्हणाली, "ते नसते तर पेटलं नसतं रे." आणि परत सोलायला लागली. आईला तेव्हापासून नीट झोप नाही, पण ते जाऊ दे.

लोक आता म्हणतात आधार कार्ड बघायला हवं होतं. कोण बघणार होतं? 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, पोफळी, माड सगळं आडवं, घरावर कौल नाही, महिनाभर लाइट नाही. झाडं कापायला बाहेरून माणसं आली त्यात नाना होते. बाकीचे गेले, हे राहिले. वरच्या बंद घराच्या मालकांनी मुंबईहून फोनवरच सांगितलं, राहा, संध्याकाळी दिवा लावत जा. त्या वेळी ज्याला छपरावर चढता येत होतं तो देव होता आम्हाला.

दुपारी मी ते पॅरोलचं, म्हणजे कैद्यांना मिळणाऱ्या सुट्टीचं, शोधून वाचलं. 8 मे 2020 ला नियम बदलला, कोरोनामुळे जेलमधली गर्दी कमी करायला. ज्यांची शिक्षा सात वर्षांच्या वर आहे त्यांना तात्पुरतं सोडायचं, पण आधीच्या दोन वेळेला वेळेवर परत आले असतील तरच. म्हणजे हा माणूस दोनदा बाहेर येऊन आपल्या पायाने परत आत गेला होता. तिसऱ्यांदा नाही गेला. 2022 ला सगळ्यांना परत बोलावलं तेव्हा तो आमचा पंप दुरुस्त करत होता, गडग्याचे ढासळलेले दगड लावत होता. हे वाचून राग जास्त यायला हवा होता. आला पण, पण बाबांबद्दलची ती तडफड थोडी उतरली. बाबांना नीट नेलं. ज्याने नेलं त्याने नीट नेलं, सांभाळून नेलं, आणि ते मला आता बदलून नकोय. शांत वगैरे मी काही करणार नाही.

पण मग संध्याकाळी ती बातमी परत काढली. शेवटच्या ओळीत होतं, फिर्याद भावाच्या मुलाने दिली होती. पहिल्यांदा वाचताना नजरच गेली नव्हती तिथे. आमच्या वाडीत इतके दिवस फक्त नाना, नाना चाललंय, त्या मेलेल्या माणसाचं नाव पण कोणी घेतलं नाही, मीसुद्धा आत्ता पहिल्यांदा नीट वाचलं. पोस्टमॉर्टेम करून बांधून दिलेला बाप त्या मुलाच्या समोर आला असेल. त्याने पण मडकं धरलं असेल. त्याच्या मागे चौथा कोण होता? तिथे सख्खा काका असायला हवा होता ना.

उद्या पोलीस स्टेशनला जबाब द्यायला बोलावलंय. कधी आला, काय काम करायचा, घर कोणी दिलं, एवढंच विचारतील. मी खांद्याचं पण सांगणार आहे, लिहून घेवोत न घेवोत. आणि तो मुलगा आता कुठे असतो, काय करतो, त्याला हे पकडल्याचं कोणी कळवलंय का, ते विचारणार आहे.