आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावरचं दुखणं आणि काळजी, माझा अनुभव

माझ्या ऑपरेशनला आता पावणेदोन वर्षं झाली. भेटणारे सगळे ऑपरेशनबद्दलच विचारतात, किती तास लागले, किती दिवस ॲडमिट होता, पण घरी आल्यावर महिनोनमहिने जे दुखत राहतं आणि त्या दुखण्याबरोबर जी भीती चिकटून येते त्याबद्दल मला आधी कुणीच काही सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

आधीचं थोडक्यात सांगते. मी ५३ वर्षांची, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, घरी चटणी करून विकते, आपला कांदा लसूण मसाला. वर्षभर नुसता थकवा होता, जिना चढला की धाप, हिमोग्लोबिन ७ वर आलेलं आणि आठ महिने मला फक्त लोहाच्या गोळ्या दिल्या. पाळी जाऊन तीन वर्षं झालेल्या बाईचं रक्त कमी होतंय तर ते जातंय कुठं, हे कुणी बघितलंच नाही. त्याचा राग मला अजून येतो. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतनं बघायची तपासणी, करायला लावली आणि उजवीकडच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. उजवीकडची गाठ असली की बऱ्याचदा रक्त डोळ्याला दिसत नाही, आतल्या आत थोडं थोडं जात राहतं. जुलैमधे, पंचगंगा पात्राबाहेर आलेली त्या आठवड्यात, ऑपरेशन झालं. संडाससाठी पोटावर पिशवी लावावी लागली नाही. आतड्याजवळचे १८ लिम्फ नोड, म्हणजे लसिका ग्रंथी, तपासले, २ मधे कॅन्सर होता, म्हणजे तिसरी स्टेज, मग तीन महिने केमो. पैशाचं बरंचसं महात्मा फुले जन आरोग्य योजनेतनं भागलं.

मला वाटलेलं टाके निघाले, केमो संपली की झालं. पण खरं तिथनं पुढं सुरू झालं. टाक्यांच्या बाजूची कातडी बधिर आणि मधेच करंट लागल्यासारखी सणक यायची, कूस बदलली तरी. पोटात कळा यायच्या, बेंबीच्या उजवीकडं पीळ बसल्यासारखं व्हायचं आणि पंधरा मिनिटांनी गॅस सरकला की थांबायचं. त्यात जेवल्या जेवल्या संडासला पळायला लागायचं, कुणाच्या घरी जेवायला जायचं म्हणजे आधी बाथरूम कुठं आहे ते बघायचं. आणि तळपाय, ते तर अजून मुंग्या आल्यासारखे आहेत, केमोतल्या ऑक्सॅलिप्लॅटिननं नसांवर परिणाम होतो. तेव्हा फ्रीजचं दार उघडलं तरी बोटं झिणझिणायची, गार पाण्याचा घोट घशात टोचायचा.

हे सगळं सहन झालं असतं. पण प्रत्येक कळेला मनात एकच यायचं, आलं परत. रात्री दोन वाजता अंधारात पोट चाचपत पडायचे, गाठ लागतेय का बघायला, आणि दाबून दाबून तिथं आणखी दुखायला लागायचं. ह्यांना उठवायचं जिवावर यायचं, दिवसभर वर्कशॉपवर लेथपाशी उभे असतात. आत्तींना कळायचं मात्र, त्या पहाटे उठून यायच्या आणि नुसतं म्हणायच्या, "लई इचार करू नगंस, च्या ठेवतो."

त्यात चटणीचं. नात्यातली एक बाई भेटायला आलेली, तोंडावर म्हणाली एवढं तिखट खाल्ल्यावर दुसरं काय हुणार. ते माझ्या इतकं मनाला लागलं की त्या उन्हाळ्यात मी मिरच्या आणल्याच नाहीत. मीच माझ्या हातानं रोग करून घेतला आणि लोकांनाही तेच विकते, असं वाटायचं. शेवटी धीर करून सर्जनना विचारलं. ते म्हणाले तिखटानं हा कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही, वय, घराण्यातला इतिहास, आतड्यातले पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढणारे कोंब), तंबाखू, दारू, जाडी, मटण जास्त आणि भाजी कमी, ही कारणं मोठी. मी खुर्चीवरच रडले. सहा महिने उगाच ओझं वाहत होते.

त्याच भेटीत त्यांनी एक विचारलं, दुखतं म्हणजे नेमकं कसं, कधी, काय खाल्ल्यावर? मला सांगताच येईना. "सारखं दुखतं" एवढंच म्हणत होते. घरी आल्यावर मुलीच्या जुन्या वहीत लिहायला घेतलं, वेळ, जागा, किती वेळ, आधी काय खाल्लेलं, संडास झाली का. तीन आठवड्यांनी वही बघितली तर कळा जवळजवळ सगळ्या मोड आलेल्या मटकीनंतर, मक्याच्या कणसानंतर नाहीतर एकदम पोटभर जेवल्यानंतरच्या होत्या. डॉक्टर म्हणाले ऑपरेशननंतर आत आतडी एकमेकांना चिकटतात, तिथं जाडाभरडा चोथा अडकला की पीळ बसतो. थोडं थोडं पाच वेळा खा, चावून खा. पळापळीचं कारण वेगळंच, लहान आतड्याचा शेवटचा तुकडाही काढतात, तिथं शोषलं जाणारं पित्त आता मोठ्या आतड्यात उतरतं, त्यासाठी पाण्यात कालवून घ्यायची पावडर दिली, बी १२ जीवनसत्त्वही तिथंच शोषलं जातं, म्हणून ते पण तपासायला सांगितलं. पायांसाठी ड्युलोक्सेटिन. ती मूळची डिप्रेशनची गोळी म्हणून मी आधी घेत नव्हते, पण नसांच्या दुखण्यालाही देतात आणि मला फरक पडला, पूर्ण नाही पण झोप लागते.

आणि घाबरायचं कधी तेही मी स्पष्ट विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. पोट फुगलं, उलट्या, गॅसही सुटत नाही आणि कळ थांबत नाही, तर वाट न बघता सरळ हॉस्पिटल. रक्त पडलं, वजन उतरायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. बाकी कळांना गरम पाण्याची पिशवी आणि रंकाळ्याला एक चक्कर. रंकाळ्याचं मला लई झालं, सुरुवातीला संध्यामठापर्यंत जाऊन बसायचे, आता निम्मा तलाव चालते.

दर तीन महिन्यांनी सीईए म्हणून रक्ताची तपासणी असते, कॅन्सर परत येतोय का त्यावर लक्ष ठेवायला. त्या आधीचा आठवडा मी घरात कुणाशी धड बोलत नाही. मागच्या वर्षी आकडा २.१ चा ३.४ झाला, रिपोर्ट रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर आला आणि ती रात्र मी मुलीचं लग्न कसं होणार इथपर्यंत जाऊन आले. सकाळी डॉक्टर म्हणाले नॉर्मलच्या आतच आहे, एवढा फरक होतो, एका आकड्यावर काही ठरत नाही, परत करू. परत केला, २.३. तेव्हापासून घरात ठरलंय, रिपोर्ट रात्री उघडायचा नाही, सकाळी दोघांनी मिळून बघायचा, म्हणजे लगेच डॉक्टरांना विचारता येतं.

वर्षाची कोलोनोस्कोपी आणि सीटी स्कॅन दोन्ही क्लीन आले. यंदा मार्चमधे लक्ष्मीपुरीत जाऊन ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची घेऊन आले. मी स्वतः चवीपुरतीच खाते, पोट सांगेल तेवढी.

एका गोष्टीसाठी मी वर्षभर भांडले. सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यायचं असतं, चाळिशीला किंवा आपल्याला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा. बहिणीनं लगेच कोलोनोस्कोपी केली. दादा ५६ चा, कागलला असतो, म्हणायचा मला काय धाड भरलीय. गेल्या सोमवारी शेवटी तयार झाला, मी बरोबर गेले. एक पॉलिप निघाला, तिथंच काढला आणि तपासायला पाठवलाय. रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी येतो म्हणालेत. त्याला सांगून ठेवलंय, रात्री एकटा उघडू नको, शनिवारी सकाळी चहाला इकडं ये, मग बघू.