आमची वाटचाल : कुलवृत्तांताच्या कामाची

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका खोलीत मोडी वाचणारे मास्तर आणि मी अशा दोघांनी ही पेढी सुरू केली, तेव्हा कुलवृत्तांत हे निवृत्त गृहस्थांनी हौसेने करायचे काम मानले जाई आणि त्याचा मेहनताना मागितलेला अनेकांना रुचत नसे. वंशावळीतल्या प्रत्येक नावासमोर त्याचा आधार लिहायचा, मग तो त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतला लेख असो, वाटणीपत्र असो की गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद असो, आणि आधार नसेल तर ते नाव तुटक रेघेनेच जोडायचे, हा नियम आम्ही पहिल्याच कामात घालून घेतला आणि आजवर मोडलेला नाही.

मास्तरांची हत्यारे मोजकी होती: पितळी कडीचे भिंग, शिसपेन आणि स्वतःच्या हाताने आखलेला सनावळीचा तक्ता. पुराभिलेखागारात रुमाल (कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गाठोडे) सुटला की ते आधी अक्षराचे वळण न्याहाळत, मग सन, आणि मजकूर सर्वांत शेवटी. जुन्या मराठी कागदांतला सुहूर सन अरबी शब्दांत आणि एकं आधी अशा क्रमाने लिहिलेला असल्यामुळे तिथेच भलेभले घसरतात. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७३. हा सन मृगापासून सुरू होतो, म्हणून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ आणि त्यापुढच्या कागदाला ६०० मिळवायचे, म्हणजे इसवी सन १७७२-७३ येते. १८५२ च्या कायद्यानंतर झालेल्या इनाम चौकशीतल्या (इनाम जमिनींच्या हक्कांच्या तपासणीतल्या) नुसत्या वंशावळींवर मात्र ते विसंबू देत नसत, कारण हक्क सांगणारा माणूस नको असलेला भाऊबंद गाळू शकतो. त्या वंशावळी तीर्थाच्या वहीशी ताडून पाहायच्या, कारण वहीत यात्रेकरूने स्वतःच्या हाताने भावांची आणि पुतण्यांची नावे लिहिलेली असतात आणि तिथे ती गाळण्यात कोणाचा लाभ नसतो.

आम्ही बुडण्याच्या बेतात आलो ते एका मोठ्या कुलमंडळाच्या ग्रंथामुळे. काम बरेच पुढे गेले होते, त्या भरवशावर मी कर्ज काढून मोठ्या आकाराचा स्कॅनर घेतला होता, आणि पडताळणीसाठी कच्चे तक्ते मंडळाच्या समितीकडे दिले होते. तेवढ्यात दुसऱ्या एका व्यावसायिकाने निम्म्याहून कमी दरात, संमेलनाच्या आत, रंगीत छपाईसह पूर्ण वंशवृक्ष देण्याची तयारी दाखवली आणि मूळ पुरुष थेट शिवकाळातल्या एका सरदाराशी जोडून देण्याचे आश्वासनही दिले. समितीने आमचे काम थांबवले आणि दिलेली आगाऊ रक्कम परत मागितली. पुढे तो ग्रंथ हाती आला तेव्हा त्यात अल्पवयात वारलेल्या मुलांची जी नावे फक्त आम्ही वहीतून उतरवली होती ती जशीच्या तशी छापलेली होती. आधाराचा रकाना तेवढा काढून टाकला होता. जिथे त्यांनी स्वतः कागद वाचला, तिथे ‘सबैन’चे (सत्तर) ‘तिसैन’ (नव्वद) करून कागद वीस वर्षे पुढे नेला, आणि त्या सालापूर्वीच वारलेल्या रामाजीची सही पटेना म्हणून त्याच नावाचा दुसरा रामाजी उभा करून कुळात एक पिढी वाढवली. त्या पुस्तकाचे संमेलनात प्रकाशन झाले, सत्कार झाले, आणि आमच्याकडे हप्ते थकले. दोन सहायकांना निरोप द्यावा लागला. याचा सल मला आजही आहे आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

त्या काळात पेढी तगली ती त्याच कुळातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंमुळे. समितीत त्यांनी एकट्यांनी विरोध नोंदवला, आपल्या शाखेचे काम आमच्याकडेच ठेवले, निवृत्तिवेतनातून दरमहा रक्कम पाठवली आणि एकेक चुलत शाखा समजावून आमच्याकडे आणली. त्यांचा आग्रह एकच होता, की लेकींची नावे, त्यांची सासरे आणि सुनांची माहेरे वगळायची नाहीत. त्याचा लाभ आम्हालाच झाला, कारण आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या रीतीत दोन विठ्ठल गणेश वेगळे ओळखायला बायकोचे माहेर हाच पुष्कळदा उरलेला पुरावा असतो. दत्तकाची नोंद जनक आणि दत्तक अशा दोन्ही शाखांत करण्याची आमची पद्धतही त्यांच्याच शाखेवर काम करताना पक्की झाली.

वाचकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की घरातल्या जुन्या कागदांना प्लॅस्टिकचे लॅमिनेशन करू नका आणि चिकटपट्टी लावू नका. ती काढताना शाईच निघून येते. घड्या हलक्या हाताने उलगडून, आम्लरहित कागदात गुंडाळून, कोरड्या जागी आडवे ठेवा, आणि छायाचित्र घेताना कागदाची मागची बाजू सोडू नका, कारण पुष्कळदा शेरा तिथेच असतो. घरातल्या वडीलधाऱ्या आत्यांना आजच विचारून घ्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यावर मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आमच्याकडेही रीघ लागली. त्यात मधली एक पिढी ‘जुळवून’ मागणारेही होते आणि त्यांना आम्ही परत पाठवले. मास्तर आता नाहीत, पण त्यांचा तक्ता आमची नवी मुले रोज वापरतात. गेल्या वर्षी त्या कुलमंडळाच्या नव्या समितीने शुद्ध आवृत्तीसाठी विचारणा केली. आम्ही दोन अटी घातल्या, की आधाराचा रकाना छापला जाईल आणि लेकींच्या शाखा ग्रंथात असतील. समितीने दोन्ही लेखी मान्य केल्या असून रामाजीच्या पिढीपर्यंतची मुद्रिते तपासून झाली आहेत.