गाळातून निघालेली पद्मिनी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट धरतात, एवढे सांगितले म्हणजे बाहेरगावच्या वाचकाला त्या पुराचा अंदाज येईल. त्या वेळी प्रयाग चिखलीत एका गोठ्याच्या आडोशाला उभी असलेली १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी मोटार टपापर्यंत बुडाली, आणि पाणी उतरल्यावर तिच्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती, कारण त्या गावात माणसांची घरेच उभी करायची होती. २०२० च्या जानेवारीत मी ती ३८ हजार रुपयांना विकत घेतली आणि क्रेनने टेम्पोत चढवून कसबा बावड्यात आमच्या परड्यातल्या पत्र्याच्या शेडखाली आणून ठेवली. मी शाळेत गणित शिकवतो. त्याआधी मी स्वतःच्या हाताने केलेली सर्वांत मोठी यांत्रिक दुरुस्ती म्हणजे स्कूटरचा क्लच बदलणे.

पद्मिनीच का, असे अनेकांनी विचारले. एक कारण असे की ही गाडी समजते. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग वेगळा दिसतो, हात आत जातो आणि संगणकाचा संबंध कुठेच येत नाही. १०८९ सीसीचे चार सिलेंडरचे इंजिन, ६८ मिलिमीटरचा बोअर (सिलेंडरचा व्यास), ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची धाव), स्टिअरिंगच्या दांड्यालाच लावलेला चार गिअरचा लिव्हर, मागच्या चाकांना ताकद आणि मागे पाट्यांचे सस्पेन्शन, एवढाच सगळा संसार. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० म्हणून तयार होणारी ही गाडी १९७४ पासून पद्मिनी झाली खरी, पण कोल्हापुरात तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हटले गेले, तिच्या आधीच्या गोलसर पिढीला तर सगळे अजूनही ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. दुसरे कारण मुंबईच्या टॅक्सींचे होते. त्यांच्यामुळे या गाडीचे सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात तेव्हा सहज मिळत.

सर्वांत आधी मी कागदपत्रे पाहिली, आणि हे एक काम मी योग्य क्रमाने केले. खाजगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. या गाडीची मुदत कधीच टळून गेली होती. मूळ मालकाच्या सह्या असलेले मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी घेतले, म्हणून पुढचे सारे शक्य झाले. ज्याचे कागद नाहीत अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण ती भंगाराच्या भावानेही महागच पडते.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली, शाळा बंद झाली आणि मी गाडी सुटी करायला घेतली. वह्यांची कोरी पाने फाडून प्रत्येक नटबोल्टाच्या पुडीवर तो कुठून काढला ते लिहिले, मोबाइलवर फोटो काढले आणि पुड्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरल्या. पाच आठवड्यांत घराची एक खोली डब्यांनी भरली. पत्नीने या गाडीला ‘चिखलीची म्हैस’ हे नाव दिले. चारा खाते, दूध देत नाही, हा तिचा हिशेब होता आणि त्याला उत्तर नव्हते.

खरी परीक्षा झाली ती दारांखालच्या पत्र्याच्या लांबट पेटीत, जिला डेंटर ‘सिल’ म्हणतात. स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिले तर पाते मुठीपर्यंत आत गेले. गंजलेला पत्रा पक्कडीने सोलल्यावर आतून वाळलेला गाळ विटेसारखा सलग बाहेर आला. त्यात उसाच्या पाचोळ्याचे तुकडे आणि बारीक गोगलगाईंचे शंख जसेच्या तसे होते. पाणी ओसरूनही गाडी आतून वर्षभर ओलीच राहिली होती, कारण पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली तळाची भोके त्या गाळानेच बुजली होती.

येथे मी मोठी चूक केली. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा असतो आणि सिल हा त्याचा मुख्य आधार. मला हे वाचून माहीत होते, पण माहीत असणे आणि उमजणे यांत फरक आहे. गाडी पुढे आणि मागे घोड्यांवर, म्हणजे स्टँडांवर, उभी करून, दारे सांध्यावर ठेवून, मी ग्राइंडरने उजवीकडची पूर्ण सिल एका दुपारी कापून काढली. संध्याकाळी दार लावायला गेलो तर ते बसेना. दाराच्या वरच्या कडेशी बोटभर असलेली फट नखाएवढी झाली होती. मधला भाग खाली बसला होता, आणि टप वाकत नसल्यामुळे दोन्ही खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकले होते.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी शाळेतली टेप घेऊन दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले आणि डाव्या, न कापलेल्या बाजूच्या कर्णांशी ताडून पाहिले. एका कर्णात ११ मिलिमीटरचा फरक होता. आयताचे कर्ण समान असतात हे मी दरवर्षी आठवीला शिकवतो, पण दाराची चौकट आयत नसते. म्हणून तिला मोजायचे ते तिच्या जुळ्या बाजूशी, कोणत्याही सूत्राशी नव्हे. मग मधोमध लाकडी ठोकळा ठेवून जॅकने दर खेपेला अर्धा मिलिमीटर इतक्या सावकाश गाडी उचलत गेलो, फरक शून्यावर आला तेव्हा चौकटीत आडवे-तिरपे अँगल टाकून सगळे जखडले, आणि शिरोलीहून बोलावलेल्या वेल्डरने एक मिलिमीटरच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याची नवी सिल टाके मारत, थांबत, थंड होऊ देत, सीओटू वेल्डिंगने बसवली. सलग वेल्डिंग केले असते तर पातळ पत्रा लाटेसारखा उठला असता. डावी सिल कापण्याआधी अँगल लावले, हे वेगळे सांगायला नको.

इंजिनच्या बाबतीत माझी घमेंड याआधीच उतरली होती. प्लग काढले तेव्हा तिसऱ्या सिलेंडरमधून गढूळ पाणी आले. डिझेल ओतून आठ दिवस ठेवले, फ्लायव्हीलच्या दातांना पहार लावून हलवून पाहिले, काही हलले नाही. हेड, म्हणजे सिलेंडरांवरचे झाकण, अॅल्युमिनियमचे असते आणि ते पोलादी स्टडांना गंजाने इतके धरून बसले होते की काढायलाच तीन रविवार गेले. शेवटी ब्लॉक, म्हणजे सिलेंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग, हातगाडीवर उद्यमनगरात नेला.

ज्यांनी उद्यमनगर पाहिले नाही त्यांना ते नकाशावर एक वसाहत वाटेल. प्रत्यक्षात तिथे दहा बाय पंधराच्या गाळ्यात एक लेथ, शेजारच्या गाळ्यात बोअरिंग मशीन, पलीकडे क्रँक ग्राइंडिंग आणि त्यापुढे ओतकाम करणारा असतो, आणि एकाला न येणारे काम तो हात धरून पुढच्याकडे पोहोचवतो. मी कागदावर माप लिहून नेले होते: वीस थाऊ ओव्हरसाइज, म्हणजे अर्धा मिलिमीटर जास्त. बोअरिंगच्या मिस्त्रींनी कागद बाजूला सारला. “सर, पिस्टन कुठं हायत? पिस्टन आल्याबिगर मी टूल लावत न्हाई. कागदावरचं माप कागदाला बसतंय.” त्यांचे बरोबर होते. एकाच मापाच्या चार पिस्टनांतही सूक्ष्म फरक असतो, म्हणून प्रत्येक पिस्टन आधी मोजायचा आणि त्याच्या जोडीचा सिलेंडर त्या मापाने कातायचा. कुर्ल्याहून पिस्टन यायला दोन महिने लागले आणि ब्लॉक तोवर त्यांच्या गाळ्यात पोत्याखाली पडून राहिला, पण त्यांनी हात लावला नाही.

त्याच मिस्त्रींमुळे गिअरचा प्रश्न सुटला. स्टिअरिंगच्या दांड्यावरून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्यांच्या टोकांना छोटे बुश, म्हणजे पोकळ कड्या, असतात. ते झिजले की लिव्हर ताकाच्या रवीसारखा गरगर फिरतो आणि दुसरा टाकताना कधी कधी रिव्हर्सच लागतो. मी गनमेटलचे बुश करून घ्यावेत म्हणून गेलो, कारण मजबूत तेच चांगले असे वाटत होते. मिस्त्री म्हणाले, “गनमेटल वाजंल. नायलॉन घ्या, सर. झिजू द्या, बुश झिजायसाठीच असतंय.” त्यांनी नायलॉनच्या कांडीतून चहा येईपर्यंत चार बुश कातून दिले आणि पैसे विचारल्यावर हाताने उडवून लावले. लिव्हर आज इतका घट्ट आणि हलका चालतो की या गाडीतला माझा सर्वांत आवडता भाग तोच आहे, आणि तो बाहेरून दिसतसुद्धा नाही.

जे काम मी घरी करायला हवे होते ते मात्र बाहेर दिले, ते म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या सोलेक्स कार्ब्युरेटरचे. एका गॅरेजने कार्ब्युरेटर ‘साफ’ करून दिला. इंजिन पहिल्यांदा सुरू करताना सायलेन्सरमधून बंदुकीसारखे आवाज आले, पण त्यात दोष माझा होता. पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येतात. त्यातला कोणता कॉम्प्रेशनवर आहे हे न पाहता मी प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसवला होता. ठिणगीचा १-३-४-२ हा क्रम बरोबर ठेवून तो फिरवला आणि इंजिन चालू झाले, तरी काळा धूर जाईना. कार्ब्युरेटर स्वतः उघडला तेव्हा कळले की जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तोटीत, तार खुपसून त्याचे छिद्र मोठे करून ठेवले आहे. जेट हवेने फुंकायचा असतो, टोकरायचा नसतो. नवा जेट घातला, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची गॅप फिलर गेजने साधारण ०.४५ मिलिमीटर ठेवली आणि धूर गेला. त्याच वेळी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा डायाफ्राम बदलून टाकला, कारण इथेनॉलने जुने रबर फुगते आणि तडकते. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण तेव्हा वाढतच होते आणि आता ते वीस टक्क्यांपर्यंत गेले आहे. भोवतालच्या कारखान्यांत आमच्याच उसाचे इथेनॉल होते, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार?

ब्रेकचे मास्टर सिलेंडर, चारही ड्रममधली रबरे, वायरिंग, रेडिएटरची झाळ ही कामे वेळखाऊ होती, पण त्यांत सांगण्यासारखे काही नाही. रंगाची मात्र फजिती झाली. श्रावणात उघडीप मिळाली म्हणून मी परड्यातच ड्युको मारला आणि तासाभरात टपावर दुधाळ धुके पसरले. थिनर उडताना पत्रा गार होतो आणि दमट हवेतले पाणी ओल्या रंगावर बसते. तो सगळा रंग पॉलिशपेपरने घासून काढावा लागला आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, व्यावसायिक रंगाऱ्याच्या हातून, नव्याने दिला. या उशिराची किंमतही मोजावी लागली. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि मी फॉर्म २५ भरला तो त्यानंतर. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय २०२१ मध्ये झाली आहे, पण १९७८ ची गाडी त्यात बसत नव्हती. एकूण खर्च, गाडीच्या किमतीसह, दोन लाख ७० हजारांच्या आसपास गेला. हा आकडा पत्नीच्या वहीतला आहे. माझ्या वहीतला थोडा कमी आहे.

२०२३ च्या मे महिन्यात मिस्त्रींना शेजारी बसवून पन्हाळ्याला निघालो. त्यांनी कातलेल्या सिलेंडरांवर त्यांनीच बसावे, एवढाच हेतू. वाघबीळच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. मी बॉनेट उघडून प्लगच्या वायरी तपासू लागलो. येणारे-जाणारे थांबले, एकाच्या मामाची फियाट होती, एकाची वरात फियाटमधून निघाली होती. मिस्त्रींनी पेट्रोलच्या पंपाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. इंजिनच्या उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ झाली होती आणि वाफ पुढे ढकलणे पंपाला जमत नव्हते. त्यांनी खांद्यावरचा पंचा बाटलीतल्या पाण्यात भिजवला, पिळला, पंपाभोवती गुंडाळला आणि रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसले. दहा मिनिटांनी म्हणाले, “मारा आता सेल्फ.”

त्यांनी पंचा परत मागितला तेव्हा तो तेलाने काळा झाला होता. त्यांना मी नवा घेऊन दिला. जुना डिकीत असतो, पाण्याच्या बाटलीशेजारी.