दूध आहे तवर भेव नाही

मंगळवार, रात्री साडेनऊ

आज फटफटायच्या आधीच कडी वाजली. आमच्याच गल्लीतली एक सून. डोक्याला फडकं, कमरेला कापूस वेचायची ओटी, कडेवर नऊ महिन्यांचं पोरगं. वावरात जायची घाई. बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, चार दिवसांपासून मळमळून राहिलं. पित्त असंन ना?"

पित्त! मीही हेच म्हणत होते तेव्हा.

"पाळी कधी आली होती?"

"पोरगं झाल्यापासून आलीच नाही वं. मंग दिवस कसे जातीन? माई सासू म्हंते, दूध आहे तवर भेव नाही."

निश्चय किट काढलं, दिवस गेलेत का ते पाहायची पट्टी. सकाळची पहिली लघवी औषधाच्या बाटलीच्या झाकणात, ड्रॉपरने दोन थेंब, पाच मिनिटं थांबायचं. गावची आशा कार्यकर्ती म्हणून इतक्या पट्ट्या पाहिल्या, तरी ही पाच मिनिटं मला अजून जड जातात. ती पट्टीकडे पाठ करून पोराला पाजत बसली. आधी एक रेघ आली. दुसरीची वाट पाहिली, दोन आल्या तर दिवस गेलेले. नाही आली.

ती उठायलाच लागली. मी म्हटलं, बस. नवरा जवळ कधी आला होता? लाजली, मग म्हणाली, रविवारी, बाजाराच्या रात्री. म्हणजे ही एक रेघ मागच्या महिन्याचं सांगते, रविवारचं नाही. रविवारचं कळायला तीन आठवडे जावे लागतात.

माझी मोठी सात महिन्यांची होती तेव्हा धाकट्याचे दिवस गेले. मधे एकही पाळी नाही. सोडा घालून लिंबूपाणी प्यायचे, ओवा चावायचे. पोटात हालचाल जाणवली तेव्हा पाचवा लागलेला. तेव्हा मी आशा नव्हते, नुसती सून होते. नंतर प्रशिक्षणात नर्सबाईंनी सांगितलं तेव्हा कुठे उलगडलं. अंगावरच्या दुधाने दिवस राहत नाहीत हे खोटं नाही, पण त्याला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी लागतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी सुरू झालेली नको, आणि बाळाला रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. माझी पोरगी सहाव्या महिन्यातच वरणाचं पाणी प्यायला लागली होती, आजीच्या चहातलं बिस्कीट खायची आणि रात्रभर झोपायची. मी मात्र पाळीची वाट पाहत बसले. पाळी मागून येते, बीज तिच्या साधारण दोन आठवडे आधीच येऊन जातं. तेवढ्यात गाठ पडली की पाळी येतच नाही, आणि आपण म्हणतो, दुधामुळे आली नाही!

दिवस मोजण्याचंही तसंच. पुरुषाचं बीज आत पाच दिवस तग धरतं, बाईचं जेमतेम एक दिवस. ज्यांची पाळी घड्याळासारखी चालते त्यांनाही हा हिशोब चुकतो. जिला पाळीच नाही, तिने कुठून मोजायचं?

रविवारी रात्रीपासून बहात्तर तास व्हायचे होते, म्हणून ईझी पिल दिली, संबंधानंतर त्या मुदतीत घ्यायची गोळी. जितकी लवकर तितकी चांगली. भाकरीचा तुकडा खाऊन माझ्यासमोरच घेतली. मळमळ होतीच, म्हणून बजावलं, दोन तासांत उलटी झाली तर परत ये, दुसरी देते. "पोट पडते का हिनं?" तिने विचारलं. नाही. ही बीज बाहेर पडणं लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. आणि दर महिन्याची ही गोळी नव्हे, हेही सांगितलं. आमच्याकडे मेडिकलमधून ती गोळी चॉकलेटासारखी नेणारे आहेत.

पुढचं काय? तांबी नको म्हणाली, जावेला रक्त फार गेलं होतं. अंतराची सुई तीन महिन्यांनी एकदा, पण दवाखान्यात जायला घरी सांगावं लागतं. छाया तिला पटली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत निघालेली बिनहार्मोनची गोळी, पाजणाऱ्या आईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. "रविवार आन् बुधवार," मी म्हटलं, "बाजाराचा दिवस तर तू विसरत नाहीस." हिने पाळी लांबते हे आत्ताच सांगून ठेवलं, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा पहाटे कडी वाजायची. पण छाया सुरू करायची ती नर्सबाईंनी तपासल्यावर आणि तीन आठवड्यांनी परत पट्टी पाहिल्यावरच. तोवर निरोध. पाकिटं तिने ओटीत कोंबली. नवरा वापरेल का, हे तिनेही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुरुषांच्या बिनटाक्याच्या नसबंदीचं नाव काढलं की आमच्या गावात सगळ्या माणसांची कंबर एकदम दुखायला लागते.

जाता जाता हळूच म्हणाली, "दोन रेघा आल्या असत्या तर?" सांगितलं, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर कायद्याने गर्भपात होतो, नवऱ्याची सही लागत नाही. दोनदा विचारलं तिने, सही खरंच नाही लागत?

संध्याकाळी नळावर सासू भेटली. "माई सून सकाळी कायले आलती वं?" पोराच्या डोसाचं विचारायला, म्हटलं. मग मीच विषय काढला, तुमची किती हो काकू? "सहा. चार राह्यले." मधल्या दोघांत किती अंतर? बोटं मोडत गेली. तिसऱ्या बोटावर थांबली. "दीड वर्स बी नाही. अन् पाळी..." घागर भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

आत्ता रजिस्टर भरलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन आठवडे पुढे एक टिंब दिलं. नाव नाही लिहिलं, भिंत सगळ्यांनाच दिसते.